विटेआधी दरज बघा: क्यू पॅलेसची लाल भिंत कशी वाचायची

लंडनच्या नैर्ऋत्येला, थेम्सच्या काठी असलेल्या क्यू गार्डन्समध्ये मराठी पर्यटक जातात ते काचेची भव्य हरितगृहं बघायला. तिथेच एका बाजूला एक तांबडंभडक घर उभं आहे. पाटीवर ‘क्यू पॅलेस’ असं लिहिलेलं. पॅलेस म्हणावा तर आकार एखाद्या मोठ्या बंगल्याएवढा, आणि जुनं म्हणावं तर रंग असा की काल-परवाच हात फिरवलाय. जवळ जाऊन पाहिलं की बुचकळ्यात पडायला होतं. भिंत विटेची आहे आणि तिच्यावर विटेच्याच रंगाचा हात दिलेला आहे.

वीट मुळात लाल असताना तिला लाल रंग कशासाठी? प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधायला गेलं की इंग्लंडमधल्या जुन्या विटांच्या घरांचं बरंचसं शास्त्र हाती लागतं. आपण भिंतीत विटा बघतो. भिंतीचं दिसणं, टिकणं आणि बिघडणं मात्र बरंचसं ठरतं दोन विटांमधल्या सांध्यात, म्हणजे गवंडी जिला दरज म्हणतात तिच्यात. हा लेख त्या दरजेबद्दल आहे.

व्यापाऱ्याचं घर, राजाचा मुक्काम

हे घर १६३१ मध्ये सॅम्युअल फॉर्ट्रे नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याने बांधलं. त्याचं घराणं मूळचं फ्लँडर्सकडचं, म्हणजे आजच्या बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सच्या पट्ट्यातलं. दारावर त्याची आणि त्याची बायको कॅथरिन हिची आद्याक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत आणि सोबत सालही आहे. समोरच्या बाजूला छपराच्या पातळीवर भिंतीचे तीन वळणदार माथे दिसतात. उतरत्या छपराच्या तोंडाशी भिंतीचा जो त्रिकोणी भाग उरतो त्याला गेबल म्हणतात. इथले गेबल सरळ रेषेत न जाता लपेटदार वळणं घेतात. या धाटणीमुळे घराला पुढे ‘डच हाउस’ हे नाव पडलं.

राजघराणं इथे आलं शंभर वर्षांनी. दुसऱ्या जॉर्जची राणी कॅरोलाइन हिने १७२८ च्या सुमारास मुलींसाठी हे घर भाड्याने घेतलं. १७८१ मध्ये तिसऱ्या जॉर्जने ते विकतच घेतलं. मानसिक आजाराच्या काळात त्या राजाला इथे जवळपास कोंडूनच ठेवलं होतं, आणि त्याची राणी शार्लट १८१८ मध्ये याच घरात वारली. ब्रिटनच्या राजवाड्यांत हा सगळ्यांत छोटा. राजवाडा म्हणून तो बांधलाच नव्हता, हे लक्षात ठेवलं की आकाराचं कोडं सुटतं. रंगाचं कोडं तेवढं सोपं नाही.

वीट हा स्वस्त माल, मग श्रीमंत व्यापाऱ्याने ती का निवडली?

वीट स्वस्त, दगड भारी, हा हिशेब आजचा. इंग्लंडमध्ये विटेची गोष्ट उलटी सुरू झाली. रोमन लोकांनी ब्रिटनमध्ये विटा भाजल्या, पण पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची सत्ता गेली आणि ती विद्याही मागे पडली. पुढची कित्येक शतकं लोक रोमन इमारतींच्या विटा उचकटून पुन्हा वापरत होते. सेंट ऑल्बन्सच्या मठाचा मनोरा अशाच जुन्या रोमन विटांचा आहे. नवी वीट पाडण्याची कला मध्ययुगात हळूहळू परतली. तीही पूर्वेच्या सफोक, एसेक्स, नॉरफोक या भागांत आधी, कारण तिथे चांगला इमारती दगड नाही, चिकणमाती भरपूर आहे आणि समुद्रापलीकडे विटेत मुरलेला फ्लँडर्स आहे. सफोकमधला लिटल वेनहॅम हॉल तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. इंग्लंडमध्ये उरलेल्या अगदी जुन्या विटांच्या घरांत त्याची गणना होते.

पंधराव्या शतकात वीट चैनीची वस्तू झाली. लिंकनशरमधला टॅटरशॉलचा उंच बुरूज राजाच्या खजिनदाराने, राल्फ क्रॉमवेलने, विटेत उभारला. आसपास दगड मिळत असूनही त्याने वीट निवडली, म्हणजे ती फॅशन होती. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्डिनल वुल्झीने, म्हणजे आठव्या हेन्री राजाच्या मंत्री असलेल्या धर्मगुरूने, हॅम्प्टन कोर्टचा प्रचंड वाडा विटेत बांधायला घेतला. सामान्य माणसाचं घर तेव्हा लाकडी चौकटीचं आणि मातीने लिंपलेल्या कुडाचं असे. वीट सर्वत्र झाली ती नंतर. १६६६ च्या आगीत लंडन जळालं आणि दुसऱ्या वर्षीच्या कायद्याने नव्या घरांच्या बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्याच असाव्यात असं ठरलं.

फॉर्ट्रेचं घर आगीच्या पस्तीस वर्षं आधीचं. वीट तेव्हा सक्तीची नव्हती, मिरवायची होती.

विटेचं माप कोण ठरवतं?

इथून दरजेचा कारभार सुरू होतो. ब्रिटनमधली आजची प्रमाण वीट २१५ मिलिमीटर लांब आणि १०२.५ मिलिमीटर रुंद असते. हा अडीचचा घोळ कशाला? हिशेब करून बघा. रुंदीची दुप्पट २०५, त्यात १० मिलिमीटरची एक दरज मिळवली की २१५. म्हणजे दोन विटा आडव्या शेजारी ठेवल्या आणि मध्ये चुना किंवा सिमेंट भरलं की त्यांची जागा एका विटेच्या लांबीएवढी होते. आपल्याकडची मॉड्युलर वीटही याच गणिताने चालते: लांबी १९०, रुंदी ९०, मधली दरज १०. वीट एका हातात मावायला हवी ही एक मर्यादा, आणि दरजेसकट तिचा हिशेब जुळायला हवा ही दुसरी. या दोहोंतून विटेचा आकार शेकडो वर्षं फारसा हललेला नाही.

हा हिशेब लागतो कारण भिंत नुसती एकावर एक विटा रचून टिकत नाही. वरच्या थराची उभी दरज खालच्या थराच्या दरजेवर बरोबर आली तर तिथेच भिंत उभी चिरते. म्हणून विटा अशा रचायच्या की दरजा एकमेकींना चुकवतील. या रचनेला बाँड म्हणतात. विटेची लांब बाजू भिंतीच्या दर्शनी अंगाला आली तर ती स्ट्रेचर. वीट भिंतीत आत खुपसून तिचं छोटं तोंड बाहेर ठेवलं तर ती हेडर. हेडरचं काम भिंतीच्या पुढच्या आणि मागच्या अंगाला एकत्र बांधून ठेवण्याचं.

आपल्याकडच्या प्रत्येक सिव्हिल डिप्लोमावाल्याने दोन बाँडच्या आकृत्या काढलेल्या असतात, परीक्षेला हमखास येतात म्हणून. इंग्लिश बाँडमध्ये एक पूर्ण थर स्ट्रेचरचा, त्यावर पूर्ण थर हेडरचा. फ्लेमिश बाँडमध्ये प्रत्येक थरात एक स्ट्रेचर, एक हेडर, पुन्हा स्ट्रेचर, पुन्हा हेडर. शिवाय वरचा हेडर खालच्या स्ट्रेचरच्या बरोबर मध्यावर. पाठ्यपुस्तक सांगतं की इंग्लिश मजबूत आणि फ्लेमिश देखणा. ते खरंच आहे.

क्यू पॅलेसची भिंत फ्लेमिश बाँडची आहे, आणि इंग्लंडमध्ये हा बाँड वापरणाऱ्या सुरुवातीच्या घरांत तिचं नाव घेतलं जातं. त्याआधीच्या, ट्युडर राजघराण्याच्या काळातल्या भिंतींत साधारणपणे इंग्लिश बाँड दिसतो. फॉर्ट्रेच्या गवंड्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना नवीन वाटेल अशी नक्षी भिंतीच्या बांधणीतच आणली. पुढच्या दीडेकशे वर्षांत हाच बाँड इंग्लंडभर पसरला.

देखणेपणाच्या हौसेपायी लोक काय करतील याचा नेम नाही. अठराव्या शतकात लंडनमध्ये घरं विकायला बांधणाऱ्यांनी समोरच्या बाजूला महाग, चांगल्या विटा लावल्या आणि मागे हलका माल भरला. महाग विटा वाचाव्यात म्हणून हेडर मधोमध तोडून एकाच्या दोन केल्या. बाहेरून फ्लेमिश बाँड अगदी सुबक, पण तोडलेले हेडर आत पोहोचतच नव्हते. भिंतीची पुढची आणि मागची अंगं एकमेकांना धरून राहिली नाहीत आणि काही वर्षांनी पुढची बाजू पोट काढून बाहेर आली. अशा घरांच्या दुरुस्त्या आजही निघतात. फसवणुकीची ही पद्धत ओळखीची वाटली तर त्यात नवल नाही.

मग भिंतीला रंग का?

सतराव्या शतकातली वीट सारखी भाजली जात नसे. कच्च्या विटांचा ढीग रचून, त्यात जळण घालून भट्टी लावायची. आगीजवळच्या विटा जळून निळ्या-काळ्या आणि काचेसारख्या चकचकीत व्हायच्या, मधल्या लाल, कडेच्या फिक्या आणि मऊ. ट्युडर गवंड्यांनी या दोषाचीच नक्षी केली. काळ्या पडलेल्या विटांची तोंडं बाहेर ठेवून त्यांनी लाल भिंतीवर मोठमोठे शंकरपाळी चौकोन उठवले. हॅम्प्टन कोर्टच्या भिंतींवर ते आजही दिसतात.

पुढे आवड बदलली. फॉर्ट्रेच्या काळात श्रीमंतांना भिंत एकसारखी, एकरंगी हवी होती. विटा ओबडधोबड आणि दरजा जाड असताना एकरंगी भिंत कशी होणार? त्यावर दोन उपाय होते.

एक उपाय खर्चाचा. वाळू जास्त असलेल्या मातीच्या मऊ विटा घ्यायच्या, त्या कापून, घासून अगदी नेमक्या मापाच्या करायच्या आणि चुन्याच्या मऊ लगद्यात इतक्या जवळ बसवायच्या की दरज एखाद-दोन मिलिमीटरचीच उरेल. कमानी, खिडक्यांच्या चौकटी, दाराभोवतीची सजावट अशी कामं या पद्धतीने करत. क्यू पॅलेसच्या दर्शनी बाजूला खांबांचे आभास, खिडक्यांभोवतीचे ठसठशीत दगडी वाटणारे ठोकळे, माथ्यावरच्या लहान कमानी आणि त्रिकोण दिसतात. हे सगळं दगडाचं काम वाटावं अशा बेताने विटेतच घडवलेलं आहे. या घराचा आराखडा काढणारा कोणी प्रसिद्ध वास्तुविशारद नाही. कारागिरांनी परदेशी नमुने पाहून आपल्या हाताने केलेलं हे काम आहे, आणि मला तरी त्यातला थोडा धसमुसळेपणाच आवडतो. काटेकोर अभिजात इमारतीत गेबलची अशी मौज सापडत नाही.

दुसरा उपाय स्वस्तातला: रंग. पाण्यात पातळ केलेल्या चुन्यात गेरू मिसळायचा आणि संपूर्ण भिंतीवर हात द्यायचा. विटा, जाड दरजा, डाग सगळे एका रंगात बुडतात. मग बारीक कुंचल्याने त्यावर पांढऱ्या, सरळ, सडपातळ रेषा ओढायच्या. खरी दरज रंगाखाली कुठे का असेना, डोळ्याला दिसते ती ही नवी. त्या काळच्या अनेक चांगल्या इमारतींवर अशी रंगकामं होती. शतकांच्या पावसाने ती धुऊन गेली म्हणून आपण उघड्या विटेलाच ‘मूळ रूप’ समजून बसलो.

क्यू पॅलेसची दुरुस्ती करणाऱ्यांना भिंतीच्या आडोशाच्या जागी या गेरूच्या चुन्याचे अवशेष सापडले. त्या आधारावर बाहेरून पुन्हा तसाच रंग दिला गेला, आणि दहा वर्षांच्या कामानंतर २००६ मध्ये वास्तू लोकांसाठी पुन्हा उघडली. राणी एलिझाबेथ यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची कौटुंबिक मेजवानी त्याच वर्षी इथे झाली.

पण जुन्या घराला नवं कोरं करणं बरोबर आहे का?

हा आक्षेप रास्त आहे. अनेकांना क्यू पॅलेस खेळण्यातल्या घरासारखा वाटतो. काळाने आलेली मळकट छटा हाही इतिहासच, ती पुसू नये, असं मानणारा मोठा वर्ग इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि अनेक इमारतींच्या बाबतीत त्यांचंच म्हणणं योग्य ठरतं. इथे मात्र दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुरावा अंदाजाचा नसून भिंतीवरच सापडलेला आहे. आणि चुन्याचा हात हा वरचा थर असतो. तो मुळातच झिजण्यासाठी, पुन्हा द्यायचा म्हणून दिलेला असतो. खालची वीट त्याने बदलत नाही. तो आवडत नसेल तर पन्नास पावसाळे थांबा. हाच रंग तेलाचा किंवा प्लास्टिकचा असता, तर मीही विरोधकांच्या रांगेत उभा राहिलो असतो. का, ते आता सांगतो.

सिमेंट मजबूत असताना चुन्याचा हट्ट कशाला?

दरजेबद्दलचा सगळ्यांत घट्ट गैरसमज हा. जे जोडायचं ते जितकं कडक तितकं चांगलं, असं आपल्याला वाटतं. जुन्या विटेच्या बाबतीत ते अगदी उलट आहे.

चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की तो फसफसून विरतो. वाळूत मिसळून दरजेत भरला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषून पुन्हा चुनखडी होतो, वरून आत, महिनोन्‌महिने. असा चुना मऊ राहतो, सूक्ष्म छिद्रांचा राहतो. भिंत थोडी हलली, उन्हाने फुगली, थंडीने आकसली तर तो ते सोसतो. भिंतीत शिरलेला ओलावा या छिद्रांतून बाहेर पडून वाळतो.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये घेतलं. पुढच्या काळात, विशेषतः विसाव्या शतकात, जुन्या भिंतींच्या झिजलेल्या दरजा सिमेंटने भरायची पद्धत पडली. दिसायला काम पक्कं. पण सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक आणि जवळपास बंद. ओलाव्याला दरजेतून वाट मिळेना, म्हणून तो विटेतून निघू लागला. सोबत विरघळलेले क्षार. पाणी उडालं की क्षारांचे स्फटिक विटेच्या कातडीखाली धरतात आणि ती कातडी ढकलतात. आपण ज्याला भिंतीला लोणा लागला म्हणतो तो हाच. इंग्लंडमध्ये भर थंडीची: विटेत साठलेलं पाणी गोठलं की त्याचं आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं आणि विटेचे टवके उडतात. काही वर्षांनी चित्र असं दिसतं की सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे उभ्या, आणि मधल्या विटा खोबणीसारख्या खोल गेलेल्या.

घरातल्या फ्यूजचं काम आठवा. तार मुद्दाम कमजोर ठेवलेली, म्हणजे काही बिघडलं तर ती जळावी आणि महाग यंत्र वाचावं. चुन्याची दरज भिंतीत तेच करते. आधी तिने झिजायचं, शंभर वर्षांनी खरवडून ती नव्याने भरायची, वीट शाबूत. तेलरंग किंवा प्लास्टिक रंगाला विरोध का, तेही इथे कळतं: तो ओलाव्याची वाट बाहेरूनच बंद करतो. चुन्याचा हात ती बंद करत नाही.

पुण्या-नाशिकचे जुने वाडे याच जातीचे आहेत. पातळ, चपट्या विटा आणि चुना. त्यांना सिमेंटचा गिलावा थापला की ओल आतच अडकते, फक्त बर्फ नसल्याने नुकसान सावकाश आणि क्षारांच्या वाटेने होतं. ‘चुना मिळत नाही, चुन्याचे गवंडी उरले नाहीत’ ही अडचण खरी आहे. पण ती अडचण चुन्याची आहे, त्याने सिमेंट योग्य ठरत नाही.

कराने बदललेल्या विटा

जाता जाता करांचंही सांगायला हवं. तिसऱ्या जॉर्जच्याच कारकिर्दीत, अमेरिकेतल्या युद्धाच्या खर्चाने तिजोरी रिती झाल्यावर, १७८४ मध्ये विटांवर कर बसला. कर हजार विटांमागे, म्हणून काही भट्टीवाल्यांनी विटाच मोठ्या पाडायला सुरुवात केली. सरकारने मग मोठ्या विटांवर दुप्पट कर लावला. १८५० मध्ये तो कर उठला. खिडक्यांवरचा कर १६९६ ते १८५१ असा चालला. जुन्या घरांच्या बुजवलेल्या खिडक्या दिसल्या की वाटाडे याच कराची गोष्ट सांगतात. ती प्रत्येक वेळी खरी नसते. पुष्कळ आंधळ्या खिडक्या पहिल्यापासूनच तशा बांधल्या आहेत, कारण आत चुलाणा किंवा जिना होता आणि बाहेरून मात्र ओळ सारखी दिसायला हवी होती.

हे कळून करायचं काय?

ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना याचा सरळ उपयोग आहे, कारण तिथली फार मोठ्या संख्येची घरं पहिल्या महायुद्धाच्या आधीची, विटांची, रांगेतली आहेत. रस्त्यावर उभं राहून भिंतीकडे बघा. दर्शनी बाजूला लांब विटांमध्ये छोटी तोंडं दिसत असतील, म्हणजे हेडर असतील, तर ती बहुधा सलग भरीव भिंत आहे. सगळ्याच विटा लांब बाजूने असतील तर ती बहुतेक दोन पातळ भिंतींची आणि मध्ये पोकळी असलेली, विसाव्या शतकातली भिंत. दोन महायुद्धांच्या दरम्यान ही पद्धत रूढ झाली. पोकळी असलेल्या भिंतीला चालणारे ओलीवरचे आणि थंडीवरचे उपाय भरीव भिंतीला डोळे मिटून लावले तर ओल वाढू शकते.

मग दरज बघा. किल्लीच्या टोकाने हलकेच खरवडल्यावर ती पांढुरकी असेल, भुरभुरीत सुटत असेल आणि तिच्यात चुन्याचे पांढरे कण दिसत असतील तर ती चुन्याची. करडी असेल आणि किल्लीच घासली जात असेल तर कोणीतरी मध्ये सिमेंट भरलंय. अशा वेळी ‘ओल आहे, बाहेरून जलरोधक थर देऊन टाकू’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराला आधी तुंबलेली पन्हाळी, फुटलेला पाइप आणि जोत्याच्या वर चढलेली बागेची माती तपासायला सांगा. घर संरक्षित यादीत असेल तर दरजा भरण्यापूर्वी स्थानिक परिषदेची परवानगी लागते का, तेही विचारून घ्या. सिमेंट काढायची वेळ आलीच तर यंत्राने कापू देऊ नका. चकती दरजेतून सुटून विटेच्या कडा खाते, आणि तेवढ्या विटा बदलायच्या तर जुन्या मापाच्या, त्याच रंगाच्या विटा शोधत भंगारवाल्यांकडे फिरावं लागतं.